ठिणगी किती आधी

कुर्टीच्या शेडमध्ये, नीरफणसाच्या सावलीत
एकोणसाठच्या मॉरिसचं बॉनेट उघडं आहे.
कायतान मेस्त डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून
आत बघतोय, दंतवैद्य बघतो तसा,
न बोलता, खर्च मनातल्या मनात जोडत.

पॉइंट्स जळलेत. गणपतीपासून तिसरे.
कंडेन्सर नवा होता, महिन्यात गेला.
"आतां नवें म्हणटात तें नवें न्हय."
आतल्या वजनांना दोन स्प्रिंगा :
एक सैल, दुसरी कुणीतरी
बॉलपेनातली काढून लावलेली.
कुणीतरी म्हणजे माझे वडील.
मी गप्प राहिलो.

ते पॉइंट्सचा गॅप लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने मापायचे.
पत्रिका वधूकडची, जाड कागदाची असली
की गाडी सावर्ड्यापर्यंत ठसकत जायची.

टोपीखाली बसणारा छोटा संच स्वस्त पडतो,
पण स्प्रिंगा तशाच राहतात :
डोळे नवे, मान जुनी.
अख्खा नवा घ्यायचा तर एक आहे सोळा घरांचा.
कुशीत बूच, बुचामागे बारीक स्क्रू,
एकेक घर सरकवलं की ठिणगीचा स्वभाव बदलतो,
किती लवकर पेटायचं, कुठल्या वेगाला किती.
आणखी एक येतो, तो फोनवरून वळतो.
कायतानने फोनकडे पाहिलं,
मग स्वतःच्या ऑइलाने माखलेल्या अंगठ्याकडे,
आणि "ना" म्हणाला.

विक्रेत्याने विचारलं, गाडीची अर्थिंग कुठली?
पॉझिटिव्ह.
नक्की?
उलटी जोडली तर पंचेचाळीस हजारांची क्षणात राख.
मी तीनदा उठून बॅटरीपाशी गेलो
आणि तीनदा तेच वाचून आलो.

मग म्हणालो, एवढं कशाला?
तू कानानेच लावतोस की टायमिंग, चाळीस वर्षं.
कायतान स्टुलावर बसला.
पान्हा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.
"म्हाका ती किणकिण आयकूंक येना.
दोन वर्सां जालीं."

दोन वर्षं
फर्मागुडीच्या चढणीवर काच खाली करून
मी ती ऐकत होतो,
स्टीलच्या पेल्यात चिल्लर हलवल्यासारखी,
आणि समजत होतो
की त्याने ती मुद्दाम ठेवली असेल,
काहीतरी विचार करून.

पार्सल आलं पावसाळी प्लास्टिकात गुंडाळून.
एक, तीन, चार, दोन :
तारा त्याने न बघता लावल्या.
बॉडी हळूहळू फिरवत नेली,
भोकातून हिरवा दिवा लागला तिथे थांबला,
आणि नट आवळताना
लहान मुलाला झोपवल्यासारखा श्वास धरला.

पुस्तक म्हणत होतं, सातवं घर.
पण पुस्तकातलं पेट्रोल मुरगावला बोटीतून उतरायचं.
आताच्यात उसाची दारू असते,
ते आपल्या मर्जीने जळतं.
तेव्हा ठरलं, चढणीवर ऐकायचं मी,
फिरवायचं त्याने.

सातवर चिल्लर वाजली, थोडी.
पाचवर काहीच नाही, पण दमही नाही,
मागून कदंबा हॉर्न देत पुढे गेली.
सहावर मी काच पूर्ण खाली केली,
डोकं बाहेर काढलं.
कायतान शेजारी बसून
स्क्रूड्रायव्हरचं टोक डॅशबोर्डाला टेकवून
मूठ दातांत धरून होता,
हाडातून येईल तेवढं ऐकत.
माझ्या तोंडाकडे बघत.

देवळाच्या वळणापर्यंत मी काही बोललो नाही.
मला खात्री हवी होती.
मी त्रेपन्नचा आहे.
डावा कान ठीक आहे,
उजव्याचं मी घरीही सांगितलेलं नाही.

सहा, म्हणालो.

वर पोचून बॉनेट उघडलं,
बूच बसवून मी आवळायला लागलो.
त्याने मनगट धरलं.
"इतलें घट्ट करूं नाका."